एका चेंबरवर चार स्वयंचलित प्रणाली: अखेरचा शब्द कोणाचा असावा?

सावदा_सर्व्हर यांचा प्रश्न

नमस्कार. रावेर तालुक्यातील एका केळी पॅक हाऊसमध्ये मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक सहायक. आमच्याकडे सहा रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोल्या, आहेत आणि त्यांच्याभोवती गेल्या चार वर्षांत, वेगवेगळ्या वेळी व वेगवेगळ्या पुरवठादारांकडून, चार प्रणाली येऊन बसल्या आहेत.

पहिली चेंबरचा मूळ नियंत्रक. तो तापमान, आर्द्रता, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) आणि कार्बन डायऑक्साइड पाहून कॉम्प्रेसर, पंखे व बाहेरची हवा घेणारा डॅम्पर चालवतो. दुसरी वीज व्यवस्थापनाची, जी मागणी कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल मागणीच्या, जवळ जाऊ लागली की भार कमी करते. तिसरी ऑर्डर व गाड्यांच्या नियोजनाची. दिल्लीच्या व्यापाऱ्याला माल केव्हा हवा यावरून कोणता चेंबर किती दिवसांत पिकवायचा हे ती ठरवते. चौथा यंदा बसवलेला एआय एजंट, जो सगळ्यांचे अलार्म वाचून तक्रार नोंदवतो. तो सेटपॉइंट, म्हणजे चेंबरला लावून दिलेले तापमान, हेही बदलू शकतो, हे मात्र मला फार उशिरा कळले.

मे महिन्यातील एका रात्री काय घडले ते सांगतो. चेंबर क्र. ४ मध्ये इथिलीन देऊन एक दिवस झाला होता आणि सेटपॉइंट १६.५ अंश होता. संध्याकाळी महाग दराची वेळ सुरू होताच वीज प्रणालीने तो १८ केला. फळ पिकत असताना स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे आतले तापमान वाढले, फळाचा श्वसनवेग वाढला आणि कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला. नियंत्रकाने नियमाप्रमाणे डॅम्पर उघडला आणि बाहेरची ४० अंशांची हवा आत घेतली. भार वाढला, म्हणून वीज प्रणालीने एक कॉम्प्रेसर बंद केला. चेंबर तापतो आहे हे पाहून नियोजन प्रणालीने माल अर्धा दिवस आधी तयार होईल असा हिशेब केला आणि वेग कमी करण्यासाठी सेटपॉइंट १५.५ वर आणला. वारंवार येणारे अलार्म वाचून एजंटने सेटपॉइंटच चुकला असल्याचा निष्कर्ष काढला आणि मागील सात दिवसांची सरासरी, म्हणजे १६.८, लिहून टाकली. त्यानंतर वीज प्रणालीने पुन्हा १८ केला.

पहाटेपर्यंत त्या एका आकड्यावर ६३ वेळा लेखन झाले होते. रात्रपाळीच्या ऑपरेटरने दोन वाजता पॅनेलवर हाताने १६ लावले, पण चार मिनिटांत तेही पुसले गेले. तीनच्या सुमारास कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप झाला, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडला. सकाळी मधल्या क्रेटमधील फणीत तापमापक टोचला तेव्हा गर २१ अंशांवर होता. साल हिरवट पिवळी आणि आत गर मऊ, असा तो माल होता. तो कुठे गेला हे लिहीत नाही.

मला छळणारी गोष्ट अशी की लॉगमधील प्रत्येक निर्णय एकेकटा वाचला तर बरोबर आहे. चारही पुरवठादार आपापला लॉग दाखवून हेच सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. आता शेठजींसमोर दोन प्रस्ताव आहेत: या सगळ्यांवर देखरेख करणारी पाचवी प्रणाली घ्यावी, किंवा चौघांना एकमेकांशी बोलते करावे. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मत हवे आहे.

धुळे_क्लाउड यांचे उत्तर

सावदेकर भाऊ, मी पुण्यातील एका कंपनीसाठी धुळ्यातून क्लाउडचे काम पाहतो. केळीचा व्यवसाय माझ्या आजोळी आहे, त्यामुळे २१ अंशांचा अर्थ समजला.

आपल्या लॉगमध्ये जे दिसते तो दोन किंवा अधिक नियंत्रण-चक्रांचा एकमेकांत अडकण्याचा प्रकार आहे आणि त्यासाठी कोणतीही प्रणाली बिघडलेली असावी लागत नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनवर माशीच्या विकासजीवशास्त्रावरील एका जुन्या पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांचे किंमत ठरवणारे प्रोग्राम एकमेकांकडे पाहत होते. पहिला दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट किंमत लावत असे आणि दुसरा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोन्ही नियम वेगवेगळे पाहिले तर अगदी व्यवहारी आहेत, परंतु त्यांचा गुणाकार सुमारे १.२६८ येतो, म्हणजे दर फेरीत किंमत सुमारे २७ टक्क्यांनी वाढणार हे पहिल्याच दिवशी ठरले होते. गुणाकार एकापेक्षा कमी असता तर किंमत खाली घसरत गेली असती. चूक शोधायची तर ती त्या गुणाकारात सापडते, आणि गुणाकार कोणाच्याच लॉगमध्ये नसतो. आपले चारही पुरवठादार खरे बोलत असूनही माल का गेला, याचे उत्तर मला तरी एवढेच दिसते.

म्हणून पाचवी प्रणाली घेण्याआधी एक काम करावे. एका कागदावर प्रत्येक बदलता येणारा आकडा लिहावा: चेंबरनिहाय सेटपॉइंट, डॅम्परची स्थिती, कॉम्प्रेसर चालू-बंद, इथिलीनची मात्रा. प्रत्येकासमोर आज तो कोण कोण लिहू शकते हे लिहावे. जिथे दोन नावे येतील तिथे एक खोडावे. प्रत्येक आकड्याला एकच मालक असावा आणि बाकीच्यांनी त्या मालकाकडे फक्त विनंती करावी. विनंती मान्य करायची की नाही हे मालक ठरवील.

कुबरनेटिसमध्ये, म्हणजे क्लाउडमधील प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या प्रणालीत, हा धडा बऱ्याच ठेचा लागून घेतला गेला. तेथे आता कोणते क्षेत्र कोणत्या व्यवस्थापकाने लिहिले याची नोंद वस्तूबरोबरच ठेवता येते, आणि दुसऱ्याने त्याच क्षेत्रात वेगळे मूल्य लिहायचा प्रयत्न केला तर संघर्षाचा निरोप येतो. जबरदस्तीने लिहिता येते, पण ती जबरदस्ती आहे हे उघड सांगावे लागते. आपल्या चौघांपैकी एकालाही आपण दुसऱ्याचे पुसतो आहोत हे कळत नव्हते.

दुसरी गोष्ट वेगाची. तेथील आपोआप विस्तार करणारी यंत्रणा मागणी घटली म्हणून लगेच प्रोग्रामच्या चालू प्रतींची संख्या कमी करीत नाही, तर मूळ मांडणीनुसार मागील ३०० सेकंदांचा कल पाहते. ही संगणकाच्या कामांची गोष्ट झाली. टनावारी केळी भरलेला चेंबर तापायला आणि थंड व्हायला तासांचा वेळ घेतो, आणि आपल्याकडे मिनिटामिनिटाला निर्णय होत होते.

भुसावळ_पॅनेल यांचे उत्तर

मी तीस वर्षे इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली आहेत, त्यामुळे क्लाउडमधील मला फारसे कळत नाही. मात्र ऑपरेटरने हाताने लावलेला आकडा चार मिनिटांत पुसला गेला, हे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत गंभीर दोष तोच आहे आणि बाकीची चर्चा त्यानंतरची.

इमारतींच्या वातानुकूलनासाठी १९९५ पासून बॅकनेट नावाचे मानक आहे. त्यात आदेश घेणाऱ्या प्रत्येक बिंदूला एकच मूल्य नसते, तर अग्रक्रमाच्या १६ पायऱ्यांचा रकाना असतो. पहिली पायरी जीवरक्षणासाठी हाताने दिलेल्या आदेशाची, दुसरी जीवरक्षणाच्या स्वयंचलित आदेशाची, पाचवी महत्त्वाच्या उपकरणाच्या संरक्षणाची, सहावी यंत्र किमान किती वेळ चालू किंवा बंद राहावे याची आणि आठवी ऑपरेटरच्या हाताची. प्रत्येक प्रणाली आपापल्या पायरीवर लिहिते आणि ज्या भरलेल्या पायरीचा क्रमांक सर्वांत लहान, तिचे चालते. काम झाले की तिने आपली पायरी रिकामी करायची असते. ती रिकामी झाली की खालच्या पायरीवरील आदेश आपोआप लागू होतो, कारण तो पुसला गेलेला नसतोच. यामुळे शेवटी कोणी लिहिले याला महत्त्व उरत नाही. लिहिणारा कोण आहे यावर निकाल लागतो.

आपला नियंत्रक बॅकनेट बोलत असेल तर हे आपल्याकडे आजही उपलब्ध आहे आणि चारही पुरवठादारांनी आळसाने एकाच पायरीवर लिहिले असण्याची दाट शक्यता आहे. बोलत नसेल तर पीएलसीमध्ये, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात, असा रकाना बनवणे एका आठवड्याचे काम आहे.

कॉम्प्रेसरचा किमान बंद-वेळ, हाय प्रेशर आणि कार्बन डायऑक्साइडची मर्यादा या गोष्टी चर्चेला ठेवूच नयेत. त्या इंटरलॉकमध्ये, म्हणजे धोक्याच्या वेळी यंत्र आपोआप अडवणाऱ्या व्यवस्थेत, तारेने किंवा पीएलसीत बांधाव्यात. चेंबरमध्ये माणूस शिरला असेल तर कोणताही एजंट, त्याचे तर्कशास्त्र कितीही चांगले असले, तरी त्या मर्यादेला हात लावू शकता कामा नये.

धुळेकरांनी एका मालकाची गोष्ट सांगितली ती पटली. आमच्या गावात तिला जुने रूप आहे. रेल्वेच्या एकेरी मार्गावर नीलच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, आणि ज्या चालकाच्या हातात गोळा, त्याचीच गाडी त्या खंडात जायची. गोळा एकच बाहेर येत असल्याने दोन गाड्या समोरासमोर येण्याचा प्रश्न नसे. आपल्या सेटपॉइंटलाही असा गोळा हवा.

जळगाव_ईआरपी यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे योग्य असली तरी त्यांनी अर्धाच प्रश्न सुटतो, असे माझे नम्र मत आहे. सेटपॉइंटचा मालक नियंत्रक ठरला, ठीक. आता वीज प्रणाली विनंती करते की १८ करा आणि नियोजन प्रणाली विनंती करते की १५.५ करा. नियंत्रकाने कोणाचे ऐकावे? त्याला ना विजेचा दर माहीत आहे, ना दिल्लीची गाडी. अग्रक्रमाच्या पायऱ्या सुरक्षिततेसाठी उत्तम आहेत, पण विजेला कायम गाडीच्या वर किंवा खाली ठेवणे हे धोरण नाही. कधी वीज महत्त्वाची असते, कधी गाडी.

त्यामुळे वर बसून तडजोड करणारा एक समन्वयक एजंट मला आवश्यक वाटतो. आता अशा एजंटांना साधने आणि माहिती जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आहे, आणि एजंटांनी आपसात कामे सोपवण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलेला एजंट-टू-एजंट प्रोटोकॉल आहे. चार पुरवठादारांच्या चार भाषा शिकण्याची गरज उरलेली नाही.

धुळे_क्लाउड यांचे उत्तर

जळगावकरांचा आक्षेप रास्त आहे आणि माझ्या उत्तरातील उणीव त्यांनी नेमकी पकडली. तडजोड कुठेतरी व्हायलाच हवी. परंतु ती करण्यासाठी समन्वयक एजंटाच्या हाती पुन्हा सेटपॉइंट देणे मला धोक्याचे वाटते, कारण मग आपल्याकडे पाचवा लेखक तयार होतो. आपण सांगितलेले दोन्ही प्रोटोकॉल कोण कोणाशी कसे बोलेल हे ठरवतात. निर्णय कोणाचा, हे ते आपल्यासाठी ठरवून देत नाहीत. गावातील सर्वांकडे फोन आले म्हणून पाटाचे पाणी कोणाला आधी मिळावे हा वाद मिटत नाही.

माझी सुचवण अशी आहे की विनंतीची भाषाच बदलावी. वीज प्रणालीने सेटपॉइंटबद्दल बोलूच नये, कारण केळी हा तिचा विषय नाही. तिने एवढेच सांगावे की पुढच्या तासात सहा चेंबर मिळून अमुक किलोवॅटच्या वर जाऊ नये आणि गेलात तर प्रत्येक जादा किलोवॅटचे इतके रुपये पडतील. नियोजन प्रणालीनेही अंशांत बोलू नये. चेंबर ४ चा माल गुरुवारी सकाळी सहाला अमुक रंगावर हवा आणि उशीर झाला तर तासाला इतके रुपये तोटा, असे सांगावे. मग प्रत्येक नियंत्रक आपल्या फळाची स्थिती पाहून कोणत्या चेंबरमध्ये ढील देणे परवडते ते कळवील. इथिलीन देऊन एक दिवस झालेला चेंबर ४ कधीच ढील देणार नाही, कारण त्याचे फळ सर्वांत जास्त उष्णता सोडत असते. नुकताच भरलेला हिरवा माल थोडी ढील देऊ शकेल. कामाची बोली मागवून ते वाटण्याची ही पद्धत संगणकशास्त्रात नवी नाही. कॉन्ट्रॅक्ट नेट या नावाने ती १९८० मध्येच मांडली गेली आहे.

दराचे गणितही तपासून पाहावे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी चढ्या मागणीच्या वेळचा दर सामान्य दराच्या किमान १.२० पट असतो. वीज प्रणाली दुपारीच चेंबर अर्धा अंश खाली नेऊन ठेवण्याची मागणी करू शकली असती. मात्र हिरवे केळे १३ अंशांच्या खाली गेले की सालीला थंडीची इजा होऊन ती काळपट पडते, म्हणून ती खालची रेषा नियंत्रकाच्याच हाती हवी.

भुसावळच्या आप्पांच्या गोळ्याबद्दल एक पुरवणी. संगणकात गोळा, म्हणजे लिहिण्याचा हक्क, हरवू शकतो, कारण तो धरणारा प्रोग्राम मध्येच थांबू शकतो. म्हणून आपण त्याला मुदत लावतो आणि मुदत संपली की गोळा दुसऱ्याला देतो. धोका येथेच सुरू होतो: पहिला प्रोग्राम उशिरा जागा होतो आणि आपल्याकडे अजून गोळा आहे असे समजून लिहून मोकळा होतो. गेल्या दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ॲमेझॉनच्या क्लाउडच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात जे घडले ते याच जातीचे होते. डायनॅमोडीबी या सेवेचे पत्ते ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा मुद्दाम एकाहून अधिक प्रतींत चालवलेली होती. एक प्रत रेंगाळली. तिने योजना नवी आहे की नाही हे सुरुवातीला तपासले होते, पण प्रत्यक्ष लिहीपर्यंत ती तपासणी शिळी झाली आणि जुनी योजना नव्यावर लिहिली गेली. त्याच वेळी दुसऱ्या प्रतीने जुन्या योजना साफ करताना तीच योजना पुसली आणि पत्त्याची नोंद रिकामी राहिली. नोंद परत आणायला माणसांना हात घालावा लागला. आमच्याकडे नरक चतुर्दशीची दुपार होती. मी फराळाचे ताट तसेच ठेवून उठलो होतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक गोळ्यावर चढता क्रमांक टाकावा, आणि लिहून घेणाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे पीएलसीने, शेवटी पाहिलेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाचा आदेश नाकारावा. तपासणी लिहिणाऱ्याकडे नसून लिहून घेणाऱ्याकडे असावी, हा त्यातील कळीचा भाग आहे.

नंदुरबार_नेटवर्क यांचे उत्तर

एक छोटा प्रश्न. हे सर्व चालू असताना इंटरनेट गेले तर प्रत्येक प्रणाली काय करते? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद होते, त्यात संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी डेटा सेंटरशी संपर्क तुटताच, आपलेच जाळे बिघडले असे समजून, आपल्याकडे येण्याचे मार्ग स्वतःहून मागे घेतले होते. एखाद्या ठिकाणचा एकच सर्व्हर तसा वागला असता तर ते शहाणपण ठरले असते. सगळे एकदम वागले. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीच्या वादळात वीज जाते तेव्हा सहाही चेंबर एकाच क्षणी एकच निर्णय घेणार असतील तर जनित्रावर सहा कॉम्प्रेसर एकत्र सुरू होतील. प्रत्येकाला वेगवेगळा विलंब द्यावा.

सावदा_सर्व्हर यांचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आधी कागद करायचा होता. यादीत ३८ बदलते आकडे निघाले आणि त्यांपैकी ११ आकड्यांसमोर दोन किंवा अधिक नावे होती. एका आकड्यासमोर असे एक नाव होते की जी सेवा आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केली असे समजत होतो.

आप्पांचा अंदाज खरा निघाला. नियंत्रकाला बॅकनेट येते आणि तिन्ही बाहेरच्या प्रणाली सोळाव्या पायरीवर लिहीत होत्या. ऑपरेटरचा पॅनेलही तिथेच लिहीत होता, म्हणून त्याचा आकडा टिकला नाही. आता पॅनेल आठव्या पायरीवर आहे. एआय एजंटचा लिहिण्याचा अधिकार काढला. तो अलार्म वाचतो आणि कारणाचा अंदाज तक्रारीत लिहितो, तेवढे काम मात्र तो खरोखर चांगले करतो. वीज प्रणालीच्या पुरवठादाराने किलोवॅटची मर्यादा पाठवण्याचे मान्य केले आहे. नियोजनवाले अजून अंशांतच बोलायचे म्हणतात, त्यामुळे तूर्त त्यांचा आकडा मी नियंत्रकात सूचना म्हणून घेतो आणि तासातून एकदाच वाचतो. रुपयांत तोटा सांगण्याचे काम शेठजींनी स्वतःकडे घेतले आहे. उशिराच्या एका तासाला किती, यावर त्यांचे आणि त्यांच्या भावाचे अद्याप एकमत झालेले नाही. वादळाच्या विलंबासाठी चेंबर क्रमांक गुणिले ४० सेकंद असा साधा नियम घातला.

नवा त्रास आठव्या पायरीचाच आहे. हाताने दिलेला आदेश आपोआप उतरत नाही. चेंबर २ मध्ये कोणीतरी मंगळवारी धुण्यासाठी पंखे हाताने बंद केले होते, आणि शुक्रवारी माल भरायच्या तासभर आधी ते लक्षात आले. आप्पा, आपल्याकडे ही पायरी रिकामी करण्याची आठवण कशी ठेवत असत? मुदत लावावी तर पुन्हा कोणीतरी ऑपरेटरचा आकडा पुसणार, आणि ते मला नको आहे.

भुसावळ_पॅनेल यांचे उत्तर

मुदत लावू नका. पाळी बदलताना ज्या वहीत सही होते, त्याच वहीत हाताच्या आदेशावर असलेल्या बिंदूंची यादी छापून चिकटवायची, आणि येणाऱ्या ऑपरेटरने प्रत्येक ओळीसमोर "ठेवला" किंवा "सोडला" असे लिहिल्याशिवाय जाणाऱ्याला सोडायचे नाही. यादी काढणे आपल्या एजंटला सांगा. त्याला तेवढे वाचता येते.